कम्फर्ट गावचा दगड

आपल्याकडे पुष्कळ गावांत वेशीपाशी, नाहीतर देवळाच्या आवारात वीरगळ असतो. दगडावर लढणारा वीर कोरलेला असतो. वर चंद्र-सूर्य असतात. आपण त्याला शेंदूर लावतो, हात जोडतो. पण हा वीर कोण? कुणाशी लढला? कशासाठी मेला? बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. म्हणून ते कुणालाच सांगता येत नाही.

आज आम्ही अक्षरे असलेल्या एका दगडाची हकिकत सांगणार आहोत. हा दगड आपल्या देशातला नव्हे. तो फार दूर, अमेरिकेत आहे.

अमेरिकेत टेक्सास नावाचे मोठे राज्य आहे. तिथे कम्फर्ट हे छोटे गाव आहे. १८५४ साली जर्मनीहून आलेल्या लोकांनी ते वसवले. कम्फर्ट म्हणजे सुख, विसावा. १८४८ साली जर्मनीत लोकांनी राजांविरुद्ध उठाव केला होता. तो फसला. मग कित्येकजण देश सोडून अमेरिकेत आले. त्यांतले काही या भागात राहिले. त्यांनी जमीन नांगरली, घरे बांधली. नव्या देशाशी इमान राखण्याची शपथ घेतली.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात माणसांची खरेदी-विक्री होत असे. सुमारे ४० लाख काळे लोक गुलाम होते. गुलामगिरी टिकावी म्हणून दक्षिणेची ११ राज्ये देशातून फुटून निघाली. त्यांत टेक्सासही होते. १८६१ साली उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध पेटले. एकाच देशाची माणसे एकमेकांवर तुटून पडली. अशा युद्धाला यादवी म्हणतात. ते चार वर्षे चालले. त्यात सहा लाखांहून अधिक शिपाई मेले.

१८६२ साली दक्षिणेच्या सरकारने सैन्यात सक्तीची भरती सुरू केली. कम्फर्टच्या आसपासच्या जर्मन शेतकऱ्यांपुढे पेच पडला. पुष्कळांना गुलामगिरी मान्य नव्हती. देश फोडणे तर मुळीच मान्य नव्हते. पण राज्य होते दक्षिणेचे. जो नाही म्हणेल तो फितूर ठरे. त्या भागात फौज आली. काहींची घरे जाळली. काहींना फासावर लटकावले.

मग साठ-पासष्ट जण घोड्यांवर बसून निघाले. मेक्सिको देशात जायचे, आणि तिथून उत्तरेच्या बाजूस मिळायचे, असा पुष्कळांचा बेत होता. वाटेत न्युएसेस नदीजवळ त्यांनी मुक्काम केला. दक्षिणेचे घोडेस्वार मागावर होते. १० ऑगस्ट १८६२ रोजी, उजाडण्यापूर्वीच त्यांनी हल्ला चढवला. दोन्ही बाजूंनी गोळ्या झडल्या. मेक्सिकोकडे निघालेल्यांपैकी १९ जण तिथेच पडले. ९ जण जखमी होऊन हाती सापडले. त्यांना नंतर ठार मारण्यात आले. जे निसटले, त्यांच्यापैकी ८ जण त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला रिओ ग्रांदे नदीपाशी मारले गेले. १९, ९ आणि ८. बेरीज करून पाहा, ३६ होतात.

न्युएसेसच्या काठी पडलेल्यांना कुणी मूठमाती दिली नाही. तीन वर्षे त्यांची हाडे उघड्या रानात पडून होती. घरची माणसे जाणार कशी? राज्य मारणाऱ्यांचे होते. इकडे आया आणि बायका वाट पाहत होत्या.

१८६५ साली दक्षिण हरली. युद्ध संपले. गुलामगिरी कायद्याने बंद झाली. तेव्हा आप्त आणि मित्र त्या रानात गेले. त्यांनी हाडे गोळा केली, कम्फर्टला आणली आणि एकत्र पुरली. कोणते हाड कुणाचे, हे आता कोण ओळखणार? पण नावे सर्वांना ठाऊक होती. १० ऑगस्ट १८६६ रोजी, बरोबर चार वर्षांनी, त्या जागी चुनखडीच्या दगडाचा स्तंभ उभा केला.

अमेरिकेतल्या पुष्कळ गावांत या युद्धाची स्मारके आहेत. बहुधा बंदूक घेतलेला दगडी शिपाई असतो. कम्फर्टला शिपाई नाही. नुसता स्तंभ आणि नावे. स्तंभावर जर्मन भाषेत तीन शब्द आहेत, ‘ट्रॉये डेर उनियन’. म्हणजे, संघराज्याशी इमान. ज्यांना फितूर म्हणून मारले, त्यांच्या डोक्याशी गावाने ‘इमान’ हा शब्द लिहिला. जे लढताना पडले त्यांची नावे वेगळी आहेत. ज्यांना पकडून मारले त्यांची वेगळी. तिथे ‘खून केला’ असे साफ लिहिले आहे.

ही लढाई म्हणावी की कत्तल, यावर अजून वाद आहे. काही म्हणतात, ते हत्यारबंद होते, लढले आणि हरले. ते हत्यारबंद होते हे खरेच. पण आम्ही म्हणतो, हाती सापडलेल्या जखमी माणसाला मारणे कुठल्याच न्यायात बसत नाही.

त्या स्तंभाजवळ आजही ३६ ताऱ्यांचा जुना अमेरिकी झेंडा अर्ध्यावर फडकतो. १८६६ साली अमेरिकेच्या झेंड्यावर तेवढेच तारे होते.

मंडळी, तलवार ज्याच्या हाती, तो माणूस मारू शकतो. त्याला फितूर ठरवू शकतो. पण मागे राहिलेल्यांना लिहिता येत असेल, तर खरे काय ते दगडावर राहते. नातू येतो, बोट ठेवून आजोबांचे नाव वाचतो. म्हणून म्हणतो, आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कोण कशासाठी झिजले, कोण कशासाठी मेले, ते वहीत नावानिशी लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते.

शब्दांचे अर्थ

यादवी – आपसातले युद्ध
फितूर – शत्रूला मिळालेला
संघराज्य – अनेक राज्ये मिळून झालेला एक देश

प्रश्न

१. जर्मन शेतकऱ्यांनी दक्षिणेच्या सैन्यात जाण्याचे का नाकारले?
२. हाडे आणायला तीन वर्षे का लागली?
३. स्तंभावरच्या तीन शब्दांचा अर्थ काय?
४. तुमच्या गावातल्या कुणाचे नाव तुम्ही वहीत लिहाल? का?