खाटेविना शस्त्रक्रिया

शस्त्रक्रिया म्हटली की रुग्णालयातील खाट ओघानेच आली, अशी आपली जुनी समजूत आहे. मोतीबिंदूचे उदाहरण घ्यावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोतीबिंदू काढलेला रुग्ण डोळ्यांवर पट्टी बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या लावून कित्येक दिवस उताणा पडून राही. डोळ्याची जखम मोठी असे आणि खोकल्याच्या एका उबळीनेही ती उघडण्याची भीती असे. आज तीच शस्त्रक्रिया लहानशा छेदातून, बहुधा टाक्याशिवाय, अर्ध्या तासाच्या आत उरकते आणि सकाळी आलेला रुग्ण दुपारी स्वतःच्या पायांनी बाहेर पडतो. हॅरल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. चार्ल्स केल्मन यांनी १९६७ साली अमेरिकेत श्राव्यातीत ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची रीत प्रचारात आणली. भूल देण्याची औषधेही लवकर उतरणारी निघाली. खाट मागे पडत गेली ती अशी.

परंतु खाटेविना शस्त्रक्रियेची कल्पना या यंत्रांहून जुनी आहे. ग्लासगो येथील शल्यवैद्य जेम्स निकोल यांनी १९०९ साली आपल्या बाह्यरुग्ण विभागातील ८,९८८ बालकांच्या शस्त्रक्रियांचा अहवाल सादर केला. ही मुले त्याच दिवशी आईच्या कुशीत घरी परतली होती. घर राहण्यास योग्य असावे आणि परिचारिकेने घरी जाऊन जखम पाहावी, यावर मात्र निकोल यांचा भर होता. त्यांच्यानंतर आलेल्या अनेकांनी त्यांचा आकडा लक्षात ठेवला. त्यांच्या अटींकडे तितकेसे लक्ष दिले नाही.

आपल्याकडे या पद्धतीचा एक धाडसी प्रयोग १९६० नंतरच्या दशकात मुंबई महानगरपालिकेने केला. डॉ. दत्ता पै यांच्या पुढाकाराने उपनगरी रेल्वे स्थानकांवर पुरुष नसबंदीची केंद्रे उघडण्यात आली. स्थानिक भूल, काही मिनिटांचे काम, थोडी विश्रांती. आणि मनुष्य गाडी धरून घरी जाई. शस्त्रक्रियेस माणसाच्या वाटेवर आणून ठेवण्याची ती कल्पना होती. तिला रोख मोबदल्याची जोडही होती, हे विसरता येत नाही.

आता पैशाचा विचार करू. शस्त्रक्रियागृहाचा खर्च दोन प्रकारचा असतो. दिवे, सूक्ष्मदर्शक, निर्जंतुकीकरणाचे यंत्र, नोकरवर्गाचे पगार हा खर्च दिवसाला दोन रुग्ण आले काय आणि वीस आले काय, जवळपास तेवढाच राहतो. भिंग, औषधे, टाके यांचा खर्च मात्र दर रुग्णामागे वाढतो. म्हणून रुग्णांची संख्या वाढली की एका शस्त्रक्रियेचा सरासरी खर्च झपाट्याने उतरतो. मदुराई येथे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अकरा खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने हे गणित पक्के ओळखले. एका रुग्णाचे काम संपताच शल्यवैद्याने शेजारच्या मेजावर तयार असलेल्या रुग्णाकडे वळावे, अशी तेथील मांडणी आहे. १९९२ साली ऑरोलॅब स्थापून भिंगेही देशातच स्वस्तात बनविण्यात आली. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नावर गरिबांचे डोळे मोफत उघडू लागले.

अमेरिकेत या गणिताने निराळे वळण घेतले. अॅरिझोना राज्यातील फीनिक्स शहरात वॉलेस रीड व जॉन फोर्ड या दोन भूलतज्ज्ञांनी १९७० साली रुग्णालयापासून स्वतंत्र असे शस्त्रक्रिया केंद्र काढले. १९८२ पासून वृद्धांसाठी असलेली मेडिकेअर ही सरकारी विमा योजना अशा केंद्रांना पैसे देऊ लागली आणि आज तिच्याशी संलग्न केंद्रांची संख्या सहा हजारांवर आहे. त्याच कामासाठी केंद्राला रुग्णालयापेक्षा कमी दर मिळतो, म्हणून विमा योजनेचा फायदा होतो. पण ही केंद्रे बहुधा डॉक्टरांच्याच मालकीची किंवा भागीदारीची असल्यामुळे धडधाकट रुग्ण आणि किफायतशीर कामे तिकडे जातात. मधुमेह, हृदयविकार अशी गुंतागुंत असलेले रुग्ण मोठ्या रुग्णालयाच्या वाट्याला येतात, अशी तक्रार आहे. तीत तथ्य आहे.

भारतात विम्याच्या नियमाने बराच काळ उलटाच परिणाम साधला. १९८६ साली सुरू झालेल्या मेडिक्लेम योजनेत किमान चोवीस तास रुग्णालयात राहिल्याशिवाय भरपाई मिळत नसे. एका दिवसात होणाऱ्या कामांचे अपवाद नंतर वाढत गेले, पण तोवर ज्याला दुपारी घरी जाता आले असते तो कागदासाठी रात्रभर खाट अडवी. २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेने आणि २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने ठरावीक कामासाठी ठरावीक रक्कम हे तत्त्व आणले. रक्कम ठरली की रुग्ण जितका लवकर घरी जाईल तितके केंद्राच्या हाती अधिक उरते.

हे गणित रायपूरसारख्या शहरात कसे बसते, हे पाहणे उद्बोधक आहे. छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी स्थापन झाले आणि रायपूर राजधानी बनले. शहराच्या पूर्वेकडील तेलीबांधा त्याआधी तलावासाठी आणि धमतरीच्या अरुंदमापी रेल्वेवरील लहानशा स्थानकासाठी ओळखले जाई. आता तलावाभोवती फिरण्याचा रस्ता आहे, दुकाने आणि उंच इमारती आहेत. येथे राहणाऱ्याला एकदिवसीय शस्त्रक्रिया खरोखरच एका दिवसाची आहे: रिक्षाने जावे, रिक्षाने यावे, दुसऱ्या दिवशी पट्टी उघडण्यास पुन्हा जावे. धमतरी पाऊणशे किलोमीटरवर आहे आणि जगदलपूर जवळजवळ तीनशे. तेथून आलेल्या शेतकऱ्याला संध्याकाळी ‘घरी जा’ म्हणून सांगितले तर तो कोठे जाणार? धर्मशाळेत, नातेवाइकाच्या ओसरीवर किंवा बसस्थानकावर. सोबत आलेल्या मुलाचीही दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. रुग्णालयाच्या वहीतून खाटेचा खर्च पुसला गेला, पण तो नाहीसा झाला नाही. या कुटुंबाच्या वहीत तो चढला. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दर खेपेस शंभर रुपये आणि वर्षाला कमाल एक हजार रुपये प्रवासखर्च मिळे. रक्कम तुटपुंजी होती, तरी हा खर्च उपचाराचाच भाग आहे हे तीत मान्य केलेले होते.

संख्येच्या गणिताची दुसरी मर्यादा याच राज्याने फार मोठी किंमत देऊन पाहिली. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूरजवळील सकरी येथे, एका बंद पडलेल्या खाजगी रुग्णालयाच्या इमारतीत ८३ स्त्रियांवर काही तासांत दुर्बिणीने नसबंदीची शस्त्रक्रिया करण्यात आली. एका पथकाने दिवसाला तीसपेक्षा अधिक शस्त्रक्रिया करू नयेत, असा सरकारी दंडक होता. या व त्याच सुमारास परिसरात भरलेल्या शिबिरांतील मिळून किमान तेरा स्त्रिया दगावल्या. कारण जंतुसंसर्ग की दूषित औषधे, यावर वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याच्या दिशेने पावले टाकण्यास सांगितले. मदुराईतही दिवसाला पुष्कळ शस्त्रक्रिया होतात; पण तेथे स्वच्छतेची शिस्त कायमच्या इमारतीत, कायमच्या नोकरवर्गाच्या हाती असते. सकरीला त्या संध्याकाळी स्त्रिया गावोगावी पांगल्या, आणि ताप, ओकारी सुरू झाली तेव्हा प्रत्येकीजवळ होती ती फक्त घरची माणसे.

निकोल यांची परिचारिका येथे आठवते. अरविंद नेत्र रुग्णालयाने २००४ पासून तमिळनाडूतील लहान गावांत दृष्टिकेंद्रे उघडली; तेथील प्रशिक्षित मुली डोळा तपासतात आणि दूरच्या डॉक्टरशी दूरसंपर्काने बोलून सल्ला देतात. धमतरी आणि कांकेर येथील जिल्हा रुग्णालयांतील नेत्रसाहाय्यकाने दुसऱ्या सकाळी पट्टी उघडून डोळा पाहिला, लालसरपणा किंवा दुखणे आढळताच रायपूरला कळविले, आणि या कामाचे पैसे शस्त्रक्रियेच्या ठरलेल्या रकमेतून त्या रुग्णालयाला मिळाले, तर रुग्णाची दुसरी खेप वाचेल. केंद्राच्या नफ्यातून ती रक्कम वजा होईल, एवढाच फरक.