उंदराचे विष घुबडापर्यंत कसे पोहोचते?

प्रश्न : हरभऱ्यात उंदीर फार झाले म्हणून बिळांपाशी ब्रोमाडिओलोनचे आमिष ठेवले. आठवडाभरात बांधावरच्या लिंबाखाली एक घुबड मेलेले सापडले. त्याने तर आमिष खाल्ले नव्हते. मग विष त्याच्यापर्यंत कसे गेले? फवारणीच्या औषधांनीही शिकारी पक्षी मरतात का?
– एक शेतकरी वाचक, अहमदपूर (जि. लातूर)

उत्तर : त्या घुबडाच्या मृत्यूचे नेमके कारण प्रयोगशाळेतील तपासणीनेच ठरेल, पण तुमची शंका रास्त आहे. रक्त गोठण्यासाठी शरीराला ‘के’ जीवनसत्त्व पुन्हा पुन्हा वापरावे लागते. ब्रोमाडिओलोन ही क्रियाच बंद पाडते आणि अंतर्गत रक्तस्राव होऊन उंदीर मरतो. मात्र त्याला काही दिवस लागतात. तेवढ्या काळात तो आणखी आमिष खातो, मंदावतो आणि गव्हाणी घुबड, पिंगळा किंवा कापशी घारीच्या सहज तावडीत सापडतो. हे विष उंदराच्या आणि पुढे पक्ष्याच्याही यकृतात दीर्घकाळ टिकते. एका उंदराने पक्षी दगावला नाही, तरी असे अनेक उंदीर खाल्ल्यावर साठलेले विष जीवघेणे ठरू शकते.

फवारणीच्या औषधांचा इतिहासही असाच आहे. ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्यांची संख्या झपाट्याने घटली, तेव्हा पक्षी-संशोधक डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतील अंडी तपासली. डीडीटीचा वापर वाढल्यापासून अंड्यांची कवचे पातळ झाली होती आणि उबवताना ती फुटत होती, हे त्यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले. किडा, त्याला खाणारा लहान पक्षी आणि त्या पक्ष्याला खाणारा ससाणा, असे पायरीपायरीने विष वाढत जाते. भारतात शेतीसाठी डीडीटीवर १९८९ मध्ये बंदी आली.

मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचा मार्ग याहून थेट. १९९५-९६ च्या हंगामात अर्जेंटिनात नाकतोड्यांवर ते फवारले गेले आणि ते नाकतोडे खाऊन हजारो स्वेन्सन हॉक हे शिकारी पक्षी मेले. हेच औषध आपल्याकडे कपाशीवर वर्षानुवर्षे वापरले गेले. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदीचा आदेश काढला. हिवाळ्यात मध्य आशियातून मराठवाड्याच्या माळरानांवर येणारे भोवत्या पक्षीही नाकतोडे खातात, म्हणून तो धडा आपल्यालाही लागू आहे. या विषांपुढे माणूसही सुरक्षित नाही. नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

मग उंदरांचे करायचे काय? आधी बांध स्वच्छ करा, बिळे खोदा, सापळे लावा. आमिष ही शेवटची पायरी ठेवा. ते बिळाच्या आत ठेवून तोंड बुजवा, उरलेले आमिष गोळा करा आणि रोज सकाळी रानात फेरी मारून मेलेले उंदीर हातमोजे घालून खोल पुरा. मेलेला उंदीर बांधावर किंवा ओढ्यात फेकू नका. घार आणि कुत्रेही तो खातात.

फवारणीचेही तसेच. घाटेअळीसाठी कृषी विद्यापीठे हरभऱ्यात इंग्रजी ‘टी’ आकाराचे पक्षिथांबे, एकरी साधारण २०, आणि सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्काची शिफारस करतात. कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीपर्यंत गेल्यावरच रासायनिक फवारणी करायची असते. दिवसा या थांब्यांवर कोतवाल बसतो, रात्री पिंगळा आणि घुबड उंदरांवर नजर ठेवतात.

मेलेला किंवा झिंगणारा शिकारी पक्षी दिसला तर उघड्या हाताने उचलू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि आसपास कोणते औषध वापरले होते, तेही सांगा. बऱ्याच शिकारी पक्ष्यांची वीण संथ असते. एक जोडी गेली की तिची जागा भरायला वेळ लागू शकतो आणि तोवर उंदीर मात्र वाढतच राहतात. तुमच्या रानातले घुबड वाचवणे हे तुमच्याच पिकाचे रक्षण आहे. यंदाच्या रब्बीत आमिषाची पुडी फोडण्याआधी एवढा विचार जरूर करा.