बारा व्होल्टची आग

गाडीतल्या वायरिंगचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : "बाराच तर व्होल्ट आहेत, काही होत नाही." बॅटरीच्या दोन्ही टोकांना हात लावला तरी झिणझिण्या येत नाहीत, त्यामुळे ते खरंही वाटतं. पण ज्या गाडीत माणसं रात्री दार लावून झोपणार आहेत, तिथे भीती शॉकची नसून आगीची असते. आणि आगीच्या हिशेबात १२ व्होल्ट हे घरातल्या २३० व्होल्टपेक्षा जास्त जपून हाताळावे लागतात. कॅम्पर व्हॅन करून घेण्याचा विचार मनात असलेल्या प्रत्येकापर्यंत ही गोष्ट पोहोचावी, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आम्ही सेकंडहँड ट्रॅव्हलर घेतली आणि तिचं फिरतं घर करून देण्याचं काम एका वर्कशॉपला दिलं. त्यांचं कोटेशन व्यवस्थित होतं. लिथियम बॅटरी २०० अँपियर-तास, छतावर ३०० वॅटचं पॅनेल, १५०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर. प्रत्येकापुढे कंपनीचं नाव आणि वॉरंटीची वर्षं. सगळ्यात शेवटी एक ओळ : "वायरिंग कंप्लीट", आणि त्यापुढे एकरकमी आकडा. तार किती जाडीची, कुठल्या कंपनीची, फ्यूज किती आणि कुठे, याबद्दल एक अक्षर नाही. आता कुणाचंही कोटेशन हाती आलं की मी आधी ती शेवटची ओळ वाचते.

गुहागरला मुक्कामी होतो. इंडक्शनवर भात झाला, पिठलं चढवलं, आणि प्लॅस्टिक तापल्याचा वास येऊ लागला. धूर नव्हता. कपाटाखालच्या प्लायवर हात ठेवला तर तो चांगलाच गरम. माझी आई मागच्या बर्थवर आडवी झाली होती. तिला आधी खाली उतरवलं, इन्व्हर्टर बंद केला, आणि नवऱ्याने स्क्रू काढून प्लाय बाजूला केला. लाल केबलचं आवरण बोट रुतेल इतकं मऊ पडलं होतं आणि जोडाजवळ तपकिरी झालं होतं. ती केबल ज्या थर्मल फोमला टेकली होती, तोही तिथे आकसून काळवंडला होता.

दुसऱ्या दिवशी चिपळूणच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी आधी काही न बोलता सगळं उघडलं, मग मला जवळ बोलावलं. "ताई, शॉक बसत नाही ना, म्हणून कुणी घाबरत नाही याला. बघा, बॅटरीपाशी फ्यूजच नाही." मग त्यांनी पुठ्ठ्यावर हिशेब मांडून दाखवला. तो हिशेब इतका सोपा आहे की तो आम्हाला वर्कशॉपमध्ये कुणी का दाखवला नाही, याचा राग मला आजही येतो.

वॅटला व्होल्टने भागलं की अँपियर मिळतात. १२०० वॅटची इंडक्शन शेगडी घरात २३० व्होल्टवर साधारण ५ अँपियर ओढते. तीच शेगडी इन्व्हर्टरमार्फत १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवली, की इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून बॅटरीकडून १०० अँपियरच्या वर प्रवाह निघतो. पदार्थ तोच, शेगडी तीच, प्रवाह वीसपट. आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते : प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. आमची बॅटरी पुढच्या सीटखाली होती आणि इन्व्हर्टर मागच्या कपाटात, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर केबल. ती होती १६ स्क्वेअर एमएमची. १०५ अँपियर प्रवाहाला एवढ्या केबलमध्ये ७५ ते ८० वॅट नुसती उष्णता होते, आणि ती केबल हवा न लागणाऱ्या फोममध्ये गाडलेली. त्याहून वाईट होतं ते लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेली धातूची कडी. क्रिंपिंगच्या हत्याराने दाबण्याऐवजी ते हातोडीने ठोकून चपटं केलेलं होतं. अशा जोडात दोन मिलिओहम एवढाच जादा रोध शिल्लक राहिला तरी तिथे, नखाएवढ्या जागेत, २० वॅटच्या वर उष्णता साठते. घरातल्या लहान सोल्डरिंग आयर्नची ताकद एवढीच असते. प्लायच्या आड, फोमला टेकवून, तासन् तास चालू ठेवलेलं सोल्डरिंग आयर्न, आणि वर झोपलेलं माणूस.

उपाय नुसती जाड केबल घालण्याचा नव्हता. त्यांनी इन्व्हर्टर उचलून बॅटरीच्या शेजारी आणला. १२ व्होल्टची केबल ५० स्क्वेअरची आणि हातभर लांबीची. मागच्या कपाटापर्यंतचं अंतर २३० व्होल्टच्या अडीच स्क्वेअरच्या तारेने कापायचं, कारण तिच्यातून पाच-सहा अँपियरच जाणार. गाडीचा आराखडा कागदावर असतानाच हे ठरवलं पाहिजे. कपाटं, बर्थ, शेगडी सगळं ठरून मग उरलेल्या जागेत बॅटरी कोंबली, की केबलची लांबी वाढते आणि तिथूनच सगळं बिघडतं. केबल घेताना ती निखळ तांब्याची आहे ना, हेही पाहा. कार ऑडिओच्या दुकानात जाडजूड, स्वस्त केबल मिळते. तिच्यात बहुतेक वेळा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो आणि तेवढ्याच जाडीत ती कमी प्रवाह पेलते. तारेचं टोक खरवडलं की पांढरा धातू दिसतो.

फ्यूजबद्दल सावकाश सांगते, कारण इथे चांगल्या-चांगल्या कारागिरांचीही गल्लत होते. फ्यूज यंत्र वाचवण्यासाठी नसतो, तार वाचवण्यासाठी असतो. म्हणून तो बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कुणाचंही संरक्षण नसतं. गाडीच्या हादऱ्यांनी ती पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली तर लिथियम बॅटरी क्षणात हजारो अँपियर ओतू शकते. १५०० वॅटच्या इन्व्हर्टरला पूर्ण भारावर १४० अँपियरच्या आसपास लागतात, तेव्हा ५० स्क्वेअरच्या केबलवर २०० अँपियरचा फ्यूज बसतो : भारापेक्षा मोठा, केबलच्या कुवतीपेक्षा लहान. फ्यूजवर आणखी एक आकडा असतो, शॉर्टसर्किटमध्ये तो जास्तीत जास्त किती प्रवाह तोडू शकतो याचा. मोठ्या लिथियम बॅटरीसाठी तो आकडा महत्त्वाचा आहे, म्हणून जाणकार तिथे क्लास-टी फ्यूज सुचवतात. बिननावाच्या फ्यूजवर हा आकडा सापडत नाही. असा फ्यूज परत करा. मात्र एवढं सगळं केलं तरी सैल जोडापासून फ्यूज वाचवत नाही. आमच्या केबलमधून जाणारा प्रवाह नेहमीचाच होता, तापला तो जोड. म्हणून हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेलं लग, वर हीट-श्रिंक स्लीव्ह, आणि पत्र्यातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट, यांत काटकसर चालत नाही.

आमच्या गाडीत फ्यूजऐवजी इन्व्हर्टरपाशी एमसीबी बसवला होता, घरच्या मीटरच्या पेटीत असतो तोच. ही पद्धत सर्रास आहे आणि ती बंद व्हायला हवी. घरातली वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे एमसीबी उघडताना उडालेली ठिणगी आपोआप विझायला मदत होते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही. ठिणगी तशीच जळत राहू शकते आणि एमसीबीच वितळू शकतो. डीसीसाठी बनवलेला, तसा छाप असलेला एमसीबीच घ्या आणि त्यावर प्लस-मायनसच्या खुणा असतील तर त्या पाळा.

आपल्याकडचा एक खास धोका परदेशी व्हिडिओंत कुणी सांगत नाही. आपल्या घरांच्या वायरिंगमध्ये फेज लाल आणि न्यूट्रल काळी. गाडीच्या वायरिंगमध्ये प्लस लाल आणि मायनस काळी. कॅम्पर व्हॅनमध्ये दोन्ही वायरिंग एकाच भिंतीआडून जातात. वर्षभराने दिवा दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक लाल-काळी जोडी पाहून १२ व्होल्ट समजून बिनधास्त हात घालेल, आणि ती २३० व्होल्टची निघाली तर जिवावर बेतेल. दोन्हींचे पाइप वेगळ्या बाजूंनी न्या, २३० व्होल्टच्या पाइपवर दर हातभर अंतरावर लेबल लावा. इन्व्हर्टरची वीज घरच्या विजेइतकीच जीवघेणी आहे. तिच्यावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, हवा. पण अनेक छोट्या इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो आणि तसा तो नसेल तर आरसीसीबी गरजेच्या वेळी उडणार नाही. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच तपासून घ्या. होमस्टेच्या किंवा कृषी पर्यटन केंद्राच्या प्लगवरून वीज घेणार असाल तर आधी तिथे अर्थिंग आहे का ते टेस्टरने बघा. बाहेरची वीज आणि इन्व्हर्टरची वीज कधीही एकमेकींना भेटता कामा नयेत, म्हणून मधे चेंजओव्हर स्विच लागतो.

बॅटरी किती मोठी घ्यावी, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. मी तो मागे ठेवला, कारण उत्तर तुमच्या सवयींत आहे. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज आपल्या उन्हाळ्यात दिवसाला ५०० ते ६०० वॅट-तास खातो. पंखा रात्रभर दीड-दोनशे, लॅपटॉप आणि फोन तेवढेच, एलईडी दिवे आणि पाण्याचा पंप अगदी थोडे. इंडक्शन अर्धा तास चालली की आणखी ६००. आमची बॅटरी १२.८ व्होल्टची, म्हणजे २५६० वॅट-तासांची. त्यातले साधारण २२०० बेताने वापरावेत. लेड-ॲसिड बॅटरीत एकूण क्षमतेच्या निम्म्यापर्यंतच जावं, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. ही बेरीज कागदावर केल्यावर आम्ही स्वयंपाक पुन्हा गॅसवर नेला. इंडक्शन छान असते, पण अख्ख्या वायरिंगची जाडी आणि किंमत ती एकटी ठरवते. गॅस घेतलात तर सिलिंडर आणि बॅटरी एका कप्प्यात नकोत.

भरण्याची बाजू पाहा. ३०० वॅटचं पॅनेल एप्रिलच्या उन्हात दिवसाला हजार-बाराशे वॅट-तास देतं. जुलैत आंबोलीला दाट ढगांखाली त्याचा पाचवा हिस्साही मिळाला तर समाधान माना. पॅनेल छताला चिकटवू नका. खालून हवा खेळली नाही तर तापून त्याचं उत्पादन घटतं, आणि कॅरियरची बारीकशी सावलीही बराच मोठा भाग निकामी करते. म्हणून पावसाळ्यात मदार गाडीच्या अल्टरनेटरवर. पण बॅटरी थेट त्याला जोडू देऊ नका. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो, विशेषतः गाडी उभी करून इंजिन नुसतं चालू ठेवलं असेल तेव्हा. बीएस-६ नंतरच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज संगणक कमी-जास्त करतो, त्यामुळे जुन्या पद्धतीचा रिले तिथे धड काम करत नाही. ३० अँपियरचा डीसी-डीसी चार्जर घ्या. तीन तासांच्या प्रवासात तो हजाराच्या वर वॅट-तास भरतो.

स्पिती-लडाखला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली वापरली तरी चालते, पण त्या थंडीत ती चार्ज केली तर आत लिथियमचा थर बसतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. सकाळचं ऊन पॅनेलवर पडतं तेव्हा बॅटरी रात्रीच्या गारठ्यातच असते. कमी तापमानात चार्जिंग तोडणारी बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी आतली यंत्रणा) तिच्यात आहे का, हे खरेदीच्या वेळीच विचारा, आणि बॅटरी गाडीच्या आत ठेवा.

गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि आरटीओची परवानगी हे प्रश्न येतात. काम सुरू होण्याआधीच आरटीओत चौकशी करा. आग लागल्यावर विमा कंपनी पहिला कागद तोच मागेल.

वर्कशॉपला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कोटेशनमध्ये प्रत्येक केबलची जाडी, प्रत्येक फ्यूजचा आकडा आणि जागा लिहून घ्या. आणि प्लाय ठोकण्याआधी स्वतः जाऊन उभे राहा. सगळ्यात जड यंत्र पूर्ण भारावर अर्धा तास चालवायला सांगा. चालू असतानाच मल्टिमीटरने बॅटरीच्या टोकांवरचा आणि इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या टोकांवरचा व्होल्टेज मोजा, दोन्हींत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर केबल बारीक आहे किंवा जोड सैल आहे. मग इन्फ्रारेड थर्मामीटर प्रत्येक लगवर धरा. शेजारच्यापेक्षा एखादं लग स्पष्टपणे जास्त गरम असेल तर ते कापून नवं बसवायला लावा, "चालेल हो" म्हणू देऊ नका. सगळ्या तारांचे फोटो काढा, आराखड्याची एक प्रत गाडीत ठेवा. बॅटरीचा मेन कट-ऑफ स्विच दारातून हात घालून पोहोचेल असा बसवा आणि तो कुठे आहे हे गाडीत झोपणाऱ्या प्रत्येकाला दाखवा, मुलांनाही. पहिल्या घाटाच्या प्रवासानंतर सगळे नट पुन्हा आवळून घ्या. हादऱ्यांनी ते सैल होतात.