‘खो’ मिळाला, टाच गेली

एप्रिल संपत आला की एक प्रश्न ठरलेला असतो: सुट्टीत सगळी भावंडं गावी जमणार आहेत, पोरं दिवसभर उन्हात खेळणार, त्यांची काळजी कशी घ्यायची? मुलांचं सांगतेच, पण आधी त्यांच्या बापांचं बोलू. कोकणातल्या माझ्यासारख्या डॉक्टरकडे मे महिन्याच्या संध्याकाळी जे लंगडत येतात, ते बहुतेक चाळिशी-पंचेचाळिशीचे चाकरमानी असतात. एक हात मेव्हण्याच्या खांद्यावर, दुसरा पुतण्याच्या, आणि मागून धुळीने माखलेली, पूर्ण शाबूत पोरं बापाची चप्पल घेऊन येत असतात.

कारण साधं आहे. मुलं वर्षभर पळत असतात. बाबा अकरा महिने लोकल, खुर्ची आणि सोफा एवढ्यात फिरतात आणि मग एका संध्याकाळी खळ्यात कोणीतरी म्हणतं, ‘‘चला, खो-खो!’’ ‘‘मी शाळेत तालुक्याला खेळलोय’’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. मेंदूला शाळेतला खो-खो आठवतो, पायाला आठवत नाही.

खो-खोत बसलेला गडी उकिडवा असतो. त्या अवस्थेत पोटरी आणि टाच यांना जोडणारा जाड स्नायुबंध ताणलेला असतो. पाठीवर थाप पडते, ‘खो’ ऐकू येतो आणि ऐंशी किलोचं शरीर त्याच ताणलेल्या बंधावर जोर देऊन उसळतं. या बंधाला रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यात वय वाढलं की तो ताठर होतो. म्हणून तो तिशी ते पन्नाशीतल्या, अधूनमधून खेळणाऱ्या पुरुषांत तुटतो. आट्यापाट्यांत पाटी चुकवताना आणि लगोरी फुटल्यावर पळताना हाच झटका बसतो.

असा पेशंट एकच गोष्ट सांगतो: ‘‘मागून कोणीतरी लाथ मारली.’’ तो वळून बघतो तर मागे कोणीच नसतं. कधी ‘कट्’ असा आवाज बाजूच्यांनाही ऐकू येतो. फसवणूक पुढे होते. दुखणं थोड्या वेळात कमी होतं, माणूस लंगडत का होईना चालतो, पाऊलही थोडंफार हलतं, कारण इतर स्नायू शाबूत असतात. मग घरातले वडीलधारे निकाल देतात, ‘‘चालतोय ना? मग काही नाही, पोटरी धरलीय.’’ आणि तो दहा दिवसांनी मुंबईला जाऊन कोणाला तरी दाखवतो.

घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. त्याला पलंगावर पालथं झोपवा, पावलं कडेच्या बाहेर लोंबू द्या. आता पोटरी मधोमध हाताने दाबा. चांगल्या पायाचं पाऊल आपोआप खाली झुकतं, तसंच दुसऱ्या पायाचं झुकायला हवं. दुखऱ्या पायाचं पाऊल हललंच नाही तर बंध तुटलाय असं धरा. टाचेच्या वर बोट फिरवलं तर कधी खड्डाही लागतो. त्या पायावर भार न देता हाडांच्या डॉक्टरांकडे जा, उद्यावर ढकलू नका. वेळेत आलेल्या कित्येकांचं पाऊल खाली झुकलेल्या अवस्थेत प्लास्टर किंवा बूट घालून भागतं, काहींना शस्त्रक्रिया लागते. उशीर झाला की तुटलेली टोकं दूर सरकतात आणि काम अवघड होतं. पळायला साधारण सहा महिने जातात, म्हणजे गणपतीला आरतीसाठी उभं राहता येईल, फुगडीचं विसरा.

मुरगळलेला घोटा हा वेगळा प्रकार. भात कापलेल्या मळ्यात क्रिकेट चालतं, तिथे ढेकळं असतात, मेरेवरून उडी मारताना पाय आत वळतो. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला सूज येते. एक्स-रे हवा की नको हे ठरवायला आम्ही दोन गोष्टी बघतो: त्याच वेळी आणि दवाखान्यात आल्यावर चार पावलं टाकता येतात का, आणि घोट्याच्या उंच हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून सहा सेंटिमीटरपर्यंत, दाबल्यावर दुखतं का. चार पावलंही टाकता आली नाहीत किंवा त्या कडेवर दुखलं, तर फोटो काढायचाच. पावलाच्या मधल्या भागातली हाडं दुखली तरीही. नाहीतर पहिले दोन-तीन दिवस पंच्यात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, पट्टी आणि पाय उशीवर. गरम तेलाने चोळणारे शेजारी प्रत्येक वाडीत असतात, त्यांना चहा द्या आणि पाय लपवा. ताज्या दुखापतीवर चोळल्याने सूज वाढते. उसण भरल्यावर पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याला माझी हरकत नाही, त्याने निदान काही बिघडत नाही. मुरगळलेल्या घोट्यावर मात्र त्याला उभं करू नका.

हे टाळता येतं का? बऱ्याच अंशी. गावी यायच्या तीन-चार आठवडे आधी रोज वेगाने चाला आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा हळूहळू खाली-वर करा. खेळाआधी दहा मिनिटं चालणं, हलकं पळणं, थोडं आडवं पळणं. स्लिपर घालून खेळू नका. पहिल्या दिवशी पहिला डाव अर्ध्या जोराने खेळा. मी सांगितलेलं शेवटचं कोणीच पाळत नाही, कारण समोर मेव्हणे असतात.

आता उन्हाचं. कोकणात पारा ३४-३५ च्या वर फारसा जात नाही, म्हणून विदर्भातले पाहुणे हसतात. पण अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळे, आणि दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता गळतो. त्यात एसीत बसणाऱ्या शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, सुट्टी असते दहा दिवसांची. म्हणून सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर खेळा. आमरस-पुरी आणि फणसाची भाजी झाल्यावर भर दुपारी ‘‘एक डाव’’ नकोच.

मुलं तहान लागली तरी डाव सोडत नाहीत, आणि आजी-आजोबांना तहान जाणवतच नाही. दोघांना आठवण करून पाजा. कोकम सरबत मीठ घालून उत्तम, ताकही उत्तम. उलट्या-जुलाब किंवा गळून जाणं असेल तर जलसंजीवनी. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात ढवळू नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. टेट्रापॅकमधली गोड पेयं ही जलसंजीवनी नव्हेत, त्यात साखर जास्त आणि क्षार कमी असतात.

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम, एवढ्यावर सावलीत आडवं केलं आणि पाणी दिलं की माणूस तासाभरात सावरतो. पण तो असंबद्ध बोलायला लागला, तोल गेला, झटका आला आणि अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात. ताप ४० अंशांच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या आसपास किंवा वर असतो. पळत असताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलंही असतं, तेव्हा घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नका. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत कपडे काढून विहिरीचं पाणी अंगावर ओतत राहा, पंखा लावा. आधी गार करणं, मग नेणं. तापाची गोळी इथे काम करत नाही, आणि शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

खेळताना किंवा खेळ संपल्यावर छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात भरून येणं, गार घाम, याला घरात ‘पित्त’ म्हणतात आणि सोडा-लिंबू देतात. पन्नाशीतल्या, सिगारेट ओढणाऱ्या किंवा मधुमेही काकांच्या बाबतीत ते पित्त आहे हे ईसीजी ठरवेल. मधुमेह्यांना अनेकदा छातीत दुखतच नाही, नुसती धाप आणि घाम. गाडी काढा. काकांना चालवू नका आणि गाडीही चालवायला देऊ नका.

लगोरीच्या चकत्या आणायला मुलं गडग्याकडे जातात. चेंडूही नेमका गडग्याच्या फटीत किंवा पातेऱ्यात जातो. लाल विंचू आणि फुरसं यांची हीच घरं, म्हणून हात घालायच्या आधी काठी घाला, आणि अंधार पडायला लागला की चेंडू सकाळी शोधा. विंचू चावल्यावर डंख फारसा दुखत नसेल पण मुलाला दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणं सुरू झालं, तर विष हृदयावर चाललंय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या विषावर रक्तदाबाची साधी गोळी, प्राझोसिन, वापरून दाखवली आणि असे मृत्यू पुष्कळ घटले. पण ती वेळेत आणि तपासून द्यावी लागते, तेव्हा मंत्र घालणाऱ्याकडे अर्धा तास घालवू नका. फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. आवळपट्टी बांधू नका, चिरू नका, चोखू नका. पाय न हलवता, उचलून, ज्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे तिथे न्या. साप मारून आणायची गरज नाही, लस फुरसं, घोणस, नाग, मण्यार या चारही सापांवर एकच असते.

विटीदांडू खेळताना बघे समोर उभे राहतात आणि विटी डोळ्यावर बसते, म्हणून त्यांना दांडू मारणाऱ्याच्या मागे उभं करा. डोळ्याला लागलंच तर चोळू-दाबू नका. पक्का दात मुळासकट पडला तर तो मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरा, माती असेल तर हलकेच धुऊन गार दुधाच्या वाटीत टाका आणि तासाभराच्या आत दातांच्या डॉक्टरांकडे पोचा. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नसतो.

आणि एक. गावी निघताना घरातल्या मोठ्यांच्या औषधांची पाकिटं आणि जुनी चिठ्ठी बॅगेत टाका. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उन्हात पाणी आणि क्षार झपाट्याने उतरतात. साखरेसाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन, न खाता, सकाळच्या क्रिकेटला अंपायर म्हणून उभे राहिलेले आजोबाही चक्कर येऊन पडतात. शुद्धीवर असतील तर त्यांना आधी साखर-पाणी द्या, मग मला फोन करा. ‘‘एक पांढरी छोटी गोळी आहे हो डॉक्टर, सकाळची’’ एवढ्यावर मला काही ओळखता येत नाही.