बारीक सळईचे कातकाम

पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुटजवळ घोटावडे फाटा लागतो. मुळशीच्या या भागात भाताची खाचरे आणि कारखान्यांच्या शेड जवळजवळ नांदतात. तेथल्या एखाद्या वर्कशॉपात २ मिमी व्यासाची, ४० मिमी लांबीची पोलादी पिन कातायची आहे, असे समजा. साध्या लेथच्या चकमध्ये सळईचे एक टोक धरले, की मोकळे टोक टूल लागताच वाकून दूर सरते. पिन टोकाशी जाड, मुळाशी बारीक निघते.

केरसुणीचा एक हीर चिमटीत धरा. चिमटीपासून २ सेंमीवर तो हळूच दाबा, मग ८ सेंमीवर तेवढ्याच जोराने दाबा. अंतर चौपट, पण जाडी सारखी असेल तर वाक ४ × ४ × ४, म्हणजे ६४ पट!

स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाचे भाग करणाऱ्यांनी १८७० च्या दशकात यावर नामी तोड काढली. त्यांच्या लेथमध्ये सळई धरणारा हेडस्टॉकच पुढे सरकतो. सळई गाइड बुशच्या घट्ट भोकातून बाहेर येते आणि टूल बुशच्या तोंडाशीच कापते. वाकायला अंतरच उरत नाही.

पण एक अडचण उरते. कापून बारीक झालेला भाग पुन्हा बुशमध्ये ओढला, तर तो तेथे सैल पडतो. म्हणून बहुधा एकाच फेरीत अखेरचा व्यास गाठावा लागतो. सारी भिस्त टूलवर!

बोथट विळीने टोमॅटो चिरून पाहा. तो कापण्याआधी चेपतो. बोथट टूलही धातू कापण्याऐवजी रेटते. यासाठी या कामाच्या टूलची धार अगदी तीक्ष्ण घासतात. मात्र टूल बहुधा टंगस्टन कार्बाइडचे असते. ते कठीण खरे, पण ठिसूळ. धार फार पातळ केली तर तिचे कण उडतात. तीक्ष्णपणा आणि मजबुती यांचा मेळ घालणे, हीच टूल निवडणाऱ्याची खरी कसोटी.

टूलची उंचीही नेमकी हवी. ते सळईच्या मध्यापेक्षा ०.१ मिमी खाली बसले, तर टोक सपाट करताना मधोमध ०.२ मिमी व्यासाचे बोंड शिल्लक राहते. ४० मिमीच्या सळईवर ते क्षुल्लक. आपल्या पिनवर तो व्यासाचा दहावा हिस्सा.

टूलची धार ०.०१ मिमी झिजली, की पिनचा व्यास ०.०२ मिमीने वाढतो, कारण झीज दोन्ही बाजूंना मोजली जाते. म्हणून कारागीर अधूनमधून एक पिन उचलून मायक्रोमीटरमध्ये धरतो.