झाकलेला कोंबडा आरवतो कसा?

प्रश्न : आम्ही मालवणात मेढा भागात राहतो. परसात चार गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. हा कोंबडा पहाटे तीन-साडेतीनलाच आरवायला लागतो. शेजारी आता होमस्टे झालाय आणि तिथले पाहुणे कुरकुर करतात. "वायच झाकून ठेवा त्याका," असं शेजारच्या काकी म्हणाल्या, म्हणून रात्री त्याला डालग्याखाली घालून वर गोणपाट टाकलं. तरी तो आरवतोच. काळोखात त्याला पहाट कळते कशी? आणि तो कुणाला देऊन टाकला, तर कोंबड्या अंडी घालायच्या थांबतील का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तुमच्या अनुभवाने त्यात भर घातली आहे : कोंबडं झाकलं म्हणून आरवायचंही राहत नाही. तुमच्या शंका दोन आहेत, म्हणून एकेक घेऊ.

उजेड दिसला की कोंबडा आरवतो, असा सर्वसाधारण समज आहे. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये तो तपासून पाहिला. त्यांनी कोंबड्यांना दिवसरात्र सारख्याच मंद प्रकाशात ठेवलं. पहाट कळण्याची काही सोयच नव्हती, तरी कोंबडे रोज ठरावीक वेळी आरवत राहिले. नेहमीच्या दिवस-रात्रीच्या क्रमात तर ते दिवे लागण्याच्या सुमारे दोन तास आधीच सुरू व्हायचे. म्हणजे पहाट कोंबड्याला बाहेरून कळत नाही. चोवीस तासांच्या जवळपास चालणारं घड्याळ त्याच्या शरीरातच असतं. गोणपाट त्या घड्याळापर्यंत पोचत नाही.

मग तुमचा कोंबडा इतक्या लवकर, तीन-साडेतीनलाच का सुरू होतो? त्याच प्रयोगात असंही दिसलं, की अचानक आलेला उजेड किंवा दुसऱ्या कोंबड्याची बांग यांनीही कोंबडा आरवतो आणि पहाट जवळ आली की हा परिणाम वाढतो. आता मालवणातली पहाट आठवा. मासेमारीला निघालेल्यांची वर्दळ, मोटारसायकलचा झोत, रस्त्यावरचे दिवे, पलीकडच्या वाडीतला एखादा कोंबडा. यातला उजेड गोणपाट अडवील, आवाज अडवणार नाही.

आता तो आरवतो कशासाठी? आपल्याला उठवण्यासाठी नक्कीच नाही. आरवणं म्हणजे "ही हद्द माझी" अशी जाहीर घोषणा. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, आणि हद्द राखायची सवय त्याच्याकडूनच आली. आपल्या आंबोलीच्या रानातला राखी रानकोंबडाही तिचा नातेवाईक आहे. पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचं जनुक त्याच्याकडून आल्याचं २००८ मध्ये दिसून आलं. कळपात अनेक कोंबडे असतील तर आधी वरच्या मानाचा आरवतो, मग बाकीचे क्रमाने, असंही नागोयाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. देवळात गाऱ्हाण्याच्या वेळी मानकऱ्यांचा क्रम असतो, तसाच हा प्रकार. तुमच्या परसात कोंबडा एकच असल्याने पहिला मान बिनविरोध त्याचाच.

पाहुण्यांची कुरकुर मात्र खोटी नाही. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मोजमाप केलं तेव्हा कोंबड्याचा आवाज एक मीटरवर शंभर डेसिबलच्या वर गेला. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे आठ मीटरवरच्या खिडकीशीही तो ऐंशीच्या आसपास असतो. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. तो नियम कोंबड्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला नाही, पण तुलनेला उपयोगी पडतो. गंमत अशी, की आरवताना कोंबडा चोच पूर्ण उघडतो तेव्हा त्याच्या कानाची वाट आपोआप बरीचशी बंद होते. स्वतःच्या आवाजापासून त्याचं रक्षण होतं. शेजाऱ्यांना ती सोय नाही.

असं भांडण फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. फ्रान्सच्या ओलेराँ बेटावर, तेही पर्यटकांचंच ठिकाण, मोरीस नावाच्या कोंबड्याविरुद्ध सुट्टीपुरते येणारे शेजारी कोर्टात गेले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला आणि २०२१ मध्ये फ्रान्सने ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा वारसा मानणारा कायदा केला. हे वाचून काकींशी वाद घालायला जाऊ नका. मालवण हे नगरपरिषदेचं शहर आहे. परसात पक्षी पाळण्याबद्दल तिथे काय नियम आहेत, ते आधी विचारून घ्या.

कोंबडा ठेवायचाच असेल, तर खुराडं होमस्टेच्या विरुद्ध बाजूला, मध्ये घराची भिंत येईल असं हलवा. रात्री तो अंधाऱ्या पण हवेशीर खोपीत असू द्या आणि नीट उजाडल्यावर सोडा. यामुळे आरवणं उशिरा आणि कमी ऐकू येईल, बंद होणार नाही. डालगं आणि गोणपाट मात्र सोडा. पावसाळ्यात आत दमटपणा साठतो, शिटेचा उग्र वास कोंडतो आणि कोंबड्याच्या श्वासाला त्रास होतो.

आता दुसरी शंका. अंडी घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही. तलंग पाच-सहा महिन्यांची झाली की अंडी आपोआप सुरू होतात. कोंबडा लागतो तो अंड्यातून पिलू व्हायला. बाजारातली अंडी ज्या लेअर फार्मवरून येतात, तिथे कोंबडे ठेवतच नाहीत. कोंबड्याशिवायचं अंडं निःसत्त्व असतं, हाही गैरसमज. खाण्याच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. कवचाचा रंग जातीवर ठरतो आणि बलक गडद होतो तो हिरवा पाला आणि मका खाल्ल्याने.

तरीही कोंबडा दिल्यावर अंडी कमी झाली, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तिथे दोष बहुधा वेगळ्या कारणाचा असतो. गावठी कोंबडी थोडी अंडी घालून झाली की खुडूक होते आणि बसून राहते. त्या काळात अंडी बंद. पिसं झडून नवी येतात तेव्हाही बंद. शिवाय भरपूर अंड्यांसाठी रोज चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. मालवणात सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आतच असतो आणि डिसेंबरात तो जेमतेम अकरा तासांचा उरतो. त्यात एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम खर्ची पडतं. ते कमी पडलं तर कवच पातळ होतं. यावरचा उपाय तुमच्या स्वयंपाकघरातच आहे : तिसऱ्यांच्या शिंपल्या धुवा, वाळवा, भरडा आणि वेगळ्या भांड्यात ठेवा. कोंबड्या हव्या तेवढ्या टिपतील.

पुढेमागे पिलं हवी झाली, तरी कोंबडा पाळायला नको. कोंबडीच्या शरीरात शुक्राणू टिकून राहतात, त्यामुळे कोंबडा गेल्यावरही साधारण दोन आठवडे अंड्यांतून पिलं निघू शकतात. नंतर एखादी कोंबडी खुडूक झाली, की गावातल्या ओळखीच्या घरून, जिथे कोंबडा आहे तिथून, आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी आणून तिच्याखाली ठेवा. एकवीस दिवसांनी पिलं बाहेर येतील. अंडी दुसरीची आहेत म्हणून ती नाक मुरडत नाही.

एक हिशेब मात्र आधीच करून ठेवा. निघालेल्या पिलांत साधारण निम्मे कोंबडे असतात आणि चार-पाच महिन्यांत तेही बांग द्यायला शिकतात. एकाच्या जागी पाच झाले, तर काकी झाकून ठेवायचा सल्ला देणार नाहीत. तोवर त्यांची व्यवस्था लावा. कोंबडी-वड्यांच्या जिल्ह्यात ती कशी लावतात, हे मी सांगायला नको.