होल फाय? म्हणजे कुठे दुखतंय?

मुलांनो, या अंकात आपण दुखण्याचे शब्द शिकणार आहोत. पालकांनीही वाचावे, कारण मधला भाग त्यांच्यासाठी आहे. "तुमची मुलगी युरोपात डॉक्टरकी शिकते, त्याबद्दल लिहा," असे आपल्या वर्गाच्या बाई मला वर्षभर सांगत होत्या. मी प्रोग्रॅम लिहिणारा माणूस, लेख लिहिणे मला जमत नाही. पण या उन्हाळ्यात मुलगी घरी आली आणि तिच्या बोलण्यातून हा धडा आपोआप तयार झाला.

आमची मोठी मुलगी याच वर्गात शिकली. शिकली म्हणजे दर शनिवारी सकाळी गाडीत बसताना भांडत यायची. "मराठीचा मला उपयोग काय?" हा तिचा ठरलेला प्रश्न असे आणि आमच्याकडे त्याचे धड उत्तर नसे. आज ती हंगेरीत मेडिकलच्या चौथ्या वर्षाला आहे.

हंगेरीच का? अमेरिकेत आधी चार वर्षे कॉलेज आणि मग चार वर्षे मेडिकल स्कूल. हंगेरीत आपल्याकडच्या एमबीबीएससारखे बारावीनंतर सरळ, सहा वर्षांचे शिक्षण. प्रवेशपरीक्षा जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राची असते. बुडापेस्ट, देब्रेत्सेन, सेगेद आणि पेच या चारही गावांतल्या विद्यापीठांत परदेशी मुलांसाठी इंग्रजीतून वर्ग चालतात, तेही 1980 च्या दशकापासून. ही काही काल उघडलेली दुकाने नव्हेत. बुडापेस्टच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या सेमेलवाइस यांनी 1847 साली व्हिएन्नात डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू एकदम कमी झाले. सेगेदच्या सेंट-ग्यॉर्गी यांनी तिथल्या लाल ढबू मिरचीतून क जीवनसत्त्व काढले. त्यांना 1937 चे नोबेल मिळाले. मिरचीवर प्रेम करणारा देश म्हटल्यावर आमच्या घरचे अर्धे मतदान तिथेच झाले!

अभ्यास मात्र कडक. पहिली दोन वर्षे शरीररचना, जीवरसायन, शरीरक्रिया. परीक्षा बहुतेक तोंडी. टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या ठेवलेल्या असतात. एक उचलायची, त्यावर जो विषय निघेल त्यावर प्राध्यापकांसमोर बोलायचे. गुण एक ते पाच, आणि पाच म्हणजे उत्तम. आमच्या इंजिनिअरिंगच्या व्हायवाला आम्ही घाबरायचो, पण तिथे निदान आधी लेखी पेपर झालेला असे. नापास झाल्यास पुन्हा बसता येते, पण संधी मोजक्या. पुण्यातली आमची एटीकेटी त्यापुढे फारच दयाळू होती.

आता मुख्य गोष्ट. प्रवेशाच्या वेळी आम्ही एका मध्यस्थाकडे गेलो होतो. त्याने फी घेतली आणि छातीठोकपणे सांगितले, "सगळे इंग्रजीत आहे, हंगेरियनची काही गरज नाही." हे अर्धेच खरे. पुस्तके इंग्रजीत, प्राध्यापक इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. रोगी मात्र हंगेरियनमध्ये! म्हणून तिथे वैद्यकीय हंगेरियन हा सक्तीचा विषय असतो. पहिली दोन वर्षे आमच्या मुलीने तो पास होण्यापुरता केला.

तिसऱ्या वर्षी वॉर्ड सुरू झाला. चार विद्यार्थी, एक डॉक्टर आणि खाटेवर सत्तरीच्या एक आजी. आमच्या मुलीची पाळी आली. तिने पाठ केलेला प्रश्न अगदी शुद्ध विचारला, "होल फाय?" कुठे दुखतंय? उच्चार इतका चांगला की आजींना वाटले हिला सगळे समजते. त्या दोन मिनिटे बोलल्या. हातांनी पोट दाखवले, पाठ दाखवली, मध्येच डोळे पुसले. आमच्या मुलीला त्यातले "इगेन" आणि "नेम", म्हणजे हो आणि नाही, एवढेच कळले. डॉक्टरांनी पुढे सरसावून दुभाषाचे काम केले, पण त्या रात्री तिचा फोन आला. "बाबा, त्या बाई मला काहीतरी महत्त्वाचं सांगत होत्या आणि मी नुसती मान हलवत होते. मी परत येऊ का?"

मला काय बोलावे सुचेना. तिच्या आईने फोन घेतला आणि म्हणाली, "मराठी कशी शिकलीस ते आठव." ती म्हणाली, "रडत." आई म्हणाली, "मग तशीच शीक."

तेव्हापासून तिने वही केली. बाजारात भाजीवाल्या बाईंशी बोलायची आणि ऐकलेला प्रत्येक शब्द देवनागरीत लिहायची, कारण हंगेरियन उच्चार रोमन लिपीतल्या इंग्रजी सवयीने वाचले की चुकतात. (त्यांच्याकडे नुसता एस म्हणजे श, आणि एस-झेड मिळून स!) आणि तिच्या लक्षात एक मजा आली. इंग्रजीत घराआधी 'इन' लागतो. मराठीत घरात, घरातून, घरापर्यंत असे शेपूट शब्दाला मागे चिकटते. हंगेरियनमध्येही तसेच. हाझ म्हणजे घर, हाझबॉन म्हणजे घरात, हाझबोल म्हणजे घरातून. डोके दुखते हे सांगताना इंग्रज म्हणतो, माझ्याकडे डोकेदुखी आहे. हंगेरियन माणूस आपल्यासारखाच डोक्याला कर्ता करतो: "फाय ऑ फेयेम", दुखतंय डोकं माझं. वडीलधाऱ्यांशी वेगळे क्रियापद, जसे आपले 'तू' आणि 'आपण'. शेजारच्या म्हाताऱ्यांना मुले नावापुढे बाची आणि नेनी लावतात, म्हणजे काका आणि मावशी. वर्गातल्या ज्या मुलांना फक्त इंग्रजी येत होते त्यांना हे सगळे नव्याने पचवावे लागले. हिचे थोडे सोपे गेले. थोडेच; हंगेरियनच्या तोंडी परीक्षेत ती पहिल्यांदा नापासच झाली, दुसऱ्या वेळी सुटली.

पालकांसाठी थोडे आकडे, कारण नुसत्या गोष्टीवर विसंबून मुलांना पाठवू नये. शिक्षणशुल्क वर्षाला साधारण सोळा ते वीस हजार डॉलर, राहणे-खाणे वेगळे. पदवीनंतर अमेरिकेत परत यायचे तर यूएसएमएलईच्या परीक्षा आहेतच, शिवाय डॉक्टरांसाठीची इंग्रजीची वेगळी परीक्षा, न्यू जर्सीत जन्मलेल्या मुलीलासुद्धा! मग मार्चमधली मॅच. 2024 च्या मॅचमध्ये इथल्या एमडी विद्यार्थ्यांपैकी 93.5 टक्के जणांना जागा मिळाली, तर परदेशी शिकलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी 67 टक्के जणांना. तिघांतला एक मागे राहतो, आणि हे फक्त मॅचपर्यंत पोचलेल्यांचे गणित आहे. हंगेरीची पदवी युरोपियन युनियनच्या इतर देशांत मान्य होते, पण जर्मनीत काम करायला जर्मन यावेच लागते. भारतातले भाचे-पुतणे विचारतात त्यांच्यासाठी: परत येऊन तिकडे प्रॅक्टिस करायची तर नीट आधी द्यावीच लागते, आणि 2021 च्या नियमांप्रमाणे किमान 54 महिन्यांचे इंग्रजी माध्यमाचे शिक्षण, तिथे एक वर्ष इंटर्नशिप आणि भारतात आणखी एक वर्ष. आम्ही हे सगळे मुलगी गेल्यावर वाचले. तुम्ही आधी वाचा.

आता धडा. या उन्हाळ्यात सांगलीला आजीशी फोनवर बोलताना आजी म्हणाली, "पायाला मुंग्या येतात गं, आणि रात्री तळव्यांची आग होते." पूर्वी मुलीने हे हसण्यावारी नेले असते. या वेळी तिने वहीतल्यासारखे एकेक विचारले: कधीपासून? दोन्ही पायांना का? चप्पल निसटली तर कळते का? आजीला मधुमेह आहे. मुलीने काकाला फोन करून दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे न्यायला सांगितले. साखर बरीच वाढलेली निघाली आणि तळपायाला एक जखम होती, जी आजीला जाणवलीच नव्हती. (मुंग्यांचा शब्द डॉक्टरी इंग्रजीतही आहे बरं का! फॉर्मिकेशन. लॅटिनमध्ये फॉर्मिका म्हणजे मुंगी.)

आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत पहा. दाढ ठणकते. गळू ठसठसते. पोटात कळ येते, पण जुलाब होताना मुरडा येतो. पाठीत उसण भरते, बरगडीत चमक निघते, पायात गोळा येतो. छातीत जळजळ होते, डोळ्यांची आग होते. ताप यायच्या आधी कणकण वाटते, थंडी वाजून आला तर हुडहुडी भरते. डॉक्टरला यातला नेमका शब्द कळला तर अर्धे निदान तिथेच होते.

गृहपाठ: (1) घरच्या आजी-आजोबांना फोन करून विचारा, "कुठे दुखतंय? कधीपासून?" त्यांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. (2) ठणकणे, ठसठसणे आणि चमकणे यांतला फरक वर्गात अभिनय करून दाखवा. (3) 'कसंतरी होतंय' म्हणजे नक्की काय होतंय? आजीला तीन प्रश्न विचारून शोधून काढा. उत्तरे पुढच्या शनिवारी आणावीत.